कसबा ते मंडई, पायी

गोंदियाची माणसे पुण्याला जातात ती बहुधा महाराष्ट्र एक्स्प्रेसने. राज्याच्या पूर्व टोकाहून निघून आडवा महाराष्ट्र कापीत थेट कोल्हापूरला जाणारी ही गाडी आम्हांला घरचीच वाटते. पाळण्यातल्या बाळापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत काय वाटेल ते तिच्यातून नेता येते. यंदा आम्ही दोघे निघालो तेव्हा पिशवीत ताईसाठी पाच किलो नवा तांदूळ होता. पुण्यात तांदूळ मिळत नाही असे नाही. पण धानाच्या गावचा भाऊ रिकाम्या हाताने बहिणीकडे जाणार तरी कसा?

ताई लग्न होऊन पुण्याच्या कसबा पेठेत गेली. वाड्यातले दोन खोल्यांचे बिऱ्हाड, चौकात एक नळ आणि दाराशीच सारे शहर. पुढे वाडा पाडला गेला, मुलाने धायरीला फ्लॅट घेतला आणि ताईचे गुडघे गेले. या तिन्ही गोष्टी चार-पाच वर्षांच्या आत घडल्या. तेव्हापासून कसब्याचा गणपती तिला परगावचा झाला. रिक्षात बसायचे, पेठांतल्या गर्दीत तासभर अडकायचे आणि उतरून पुन्हा चालायचे, हे तिच्याने होईना.

मग २९ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या मेट्रोचा भुयारी भाग स्वारगेटपर्यंत सुरू झाला. शिवाजीनगरच्या न्यायालयाजवळून ही गाडी मुठा नदीच्या खालून येते आणि कसबा पेठ, मंडई, स्वारगेट अशी तीन स्थानके घेते. स्वारगेटला लिफ्टने खाली उतरायचे आणि कसब्यात लिफ्टने वर यायचे. ताई आता महिन्यातून एकदा तरी गणपतीला जाते, आणि ‘मी मेट्रोने आले’ हे वाक्य नव्या नवरीने माहेरचे नाव सांगावे अशा थाटात सांगते.

आम्ही गोंदियाची माणसे रेल्वेचे कौतुक करण्यात कुणाला हार जाणार नाही. आमचे गावच मुळी रेल्वेने वाढवले. १८८० च्या दशकात नागपूरकडून छत्तीसगडकडे रूळ गेले, पुढे १९०३ ते १९०५ च्या दरम्यान नैनपूर-जबलपूरकडची छोटी गाडी आली, आणि स्थानकाभोवती भातगिरण्या, विड्यांचे कारखाने, आडत्यांच्या पेढ्या बसत गेल्या. रुळांच्या एका अंगाला बाजार, दुसऱ्या अंगाला रेलटोली. आमच्याकडे आधी गाडी आणि मागून रस्ता. पुण्यात सगळे उलटे! रस्ता तीनशे वर्षांचा, गाडी कालची, आणि तीही बिचारी चोरपावलांनी खालून आलेली. म्हणून मला कसब्याहून मंडईपर्यंत वरून चालायचे होते.

भाचा म्हणाला, “मामा, अहो एकच स्टेशन आहे! दोन मिनिटांत मंडई.”

“म्हणूनच,” मी म्हणालो. तो गप्प बसला. मामाला वेड लागले तरी भाच्याने बोलून दाखवू नये, एवढी रीत पुण्यात अजून आहे.

कसब्याच्या गणपतीचे दर्शन चौघांनी मिळून घेतले. हे पुण्याचे ग्रामदैवत, आणि कसबा म्हणजे मूळ पुणे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास हे गाव उद्ध्वस्त केले आणि पुढे जिजाबाई व बाल शिवाजीने येथे सोन्याचा नांगर फिरवला, असे सांगतात. दर्शन झाल्यावर ताई व भाचा पुन्हा खाली गेले आणि आम्ही तांबट आळीकडे वळलो.

जाताना ताई एवढेच म्हणाली, “आळीत किती ठिकाणी ठोके पडताहेत ते मोजून ये रे.”

तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे बारीक खळगे पाडीत जाणे याला मठारणे म्हणतात. मठारलेला पत्रा कडक होतो आणि भांडे दिसायलाही देखणे होते. आमचा गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडाऱ्याची पितळी भांडी आमच्या घरोघर. त्यामुळे हा आवाज कानाला परका नव्हता. पण येथे तो शोधावा लागला. एकेकाळी घराघरांत हंडे आणि पाणी तापवायचे बंब लागत. आता गिऱ्हाईक येते ते दिवाणखान्यात ठेवायला काहीतरी शोभिवंत मागते. एका दारात हातोडी चालू होती. पुढे वळणावर आणखी दोन. आम्ही उभे राहिलो तरी कारागिराने मान वर केली नाही. ठोक्याची लय मोडली की खळगा चुकतो.

लाल महाल ओलांडून शनिवारवाड्यापाशी आलो. १७३० मध्ये पाया घातलेला आणि १८२८ च्या आगीत आतून जळून गेलेला हा वाडा सर्वांनी पाहिलेला आहे, तेव्हा त्याविषयी नव्याने काय लिहावे? मला त्यापेक्षा त्याच्या पाण्याची गोष्ट आवडते. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून शहरात पाणी आणले. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले आणि ठिकठिकाणी हौद बांधले. हौदांची नावे चौकांना अजून चिकटलेली आहेत. तेव्हा पुण्याच्या पोटातून काही धावण्याची ही पहिली खेप नव्हे.

शिवाजी रस्त्यावर मात्र चालणे म्हणजे पराक्रमच. दगडूशेठ गणपती रस्त्यावरूनच दिसतो, त्यामुळे स्कूटरवाला हँडल सोडून हात जोडतो आणि मागचा भोंगा वाजवतो. दोघांचाही भाव खरा असतो! बेलबाग चौकात दुकानांच्या आड नाना फडणविसांचे मंदिर दडलेले आहे. आत पाऊल टाकले की चौकाचा गोंगाट दारातच थांबतो. दहा मिनिटे तेथे बसलो. खालून गाडी गेली असेल. आम्हांला काही कळले नाही.

तुळशीबागेत आमच्या कुटुंबाने नातीसाठी भातुकलीची पितळी भांडी घेतली. बोटाएवढी कढई, जाते, बंबसुद्धा! खऱ्या बंबाला गिऱ्हाईक नाही आणि खेळातल्या बंबासाठी मात्र बायकांची रांग.

मंडईची दगडी, अष्टकोनी इमारत १८८६ ची. गव्हर्नर रे यांचे नाव तिला दिलेले होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी तिच्यावरील खर्चाला विरोध केला होता; तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचेच नाव मिळाले. आज तिच्या शेजारीच जमिनीतून माणसे वर येतात. नव्या स्थानकांपायी या पेठांतली काही कुटुंबे आणि दुकाने हलली, हेही खरेच. ज्यांचे दार गेले त्यांना दोन मिनिटांच्या प्रवासाचे कौतुक कुणी सांगावे? पण २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो रात्रभर धावली, तेव्हा कित्येक म्हाताऱ्या माणसांना पुन्हा मिरवणूक पाहता आली असेल, हेही मनात येतेच.

आम्हांला पोचायला दोन तास लागले होते. ताई एका भाजीवालीच्या शेजारी स्टुलावर बसली होती. पिशवीत मेथी, गवार, अंबाडी, आणि भाजीवालीच्या सुनेचे सगळे पुराण ऐकून झालेले. भाचा बिचारा उभ्या उभ्या फोनवर कचेरीचे काम करीत होता.

“किती?” तिने विचारले.

“तीन.”

तिने बोटांवर काहीतरी मोजले. “कोपऱ्यावरचा चालू होता का? हिरव्या दाराचा?”

हिरवे दार आम्हांला दिसले नव्हते. ही म्हणाली, “ताई, दार रंगवले असेल हो.”

“असेल,” ताई म्हणाली आणि भाजीची पिशवी माझ्या हाती देऊन लिफ्टकडे निघाली.