पाणी मारायचे दिवस

माझे अब्बा गवंडी होते. अंबडच्या एमआयडीसीत त्यांनी शेडही बांधल्या आणि यंत्रं बसवायचे पायेही घातले. भिंतीखाली असतो त्याला ते पाया म्हणायचे, यंत्राखाली असतो त्याला फाउंडेशन. "भिंत उभी राहते, यंत्र हलतं," एवढाच त्यांचा खुलासा.

भिंतीच्या पायाला वजन पेलायचं असतं. यंत्राच्या पायाला वजनाबरोबर थरथरही पचवायची असते. म्हणून तो जड हवा. फिरत्या यंत्राला त्याच्या तिप्पट वजनाचा आणि मागेपुढे धावणाऱ्या दट्ट्याच्या यंत्राला पाचपट वजनाचा पाया, असा जुना आडाखा आहे. पण नुसत्या वजनावर भागत नाही. झोका त्याच्या लयीत ढकलला तर लहान मूलही तो उंच नेतं. यंत्राची गती आणि पायाची लय जुळली की थरथर तशीच वाढत जाते. ती जुळू नये म्हणून आधी आकडेमोड करतात. आयएस २९७४ हे भारतीय मानक अशा पायांसाठीच आहे.

जमीनही पाहावी लागते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदायचं. काँक्रीटचा ठोकळा आणि शेडची फरशी यांत फट ठेवायची, म्हणजे हादरा शेजारच्या यंत्रापर्यंत जात नाही. बोल्टसाठी भोकं सोडायची. यंत्र ठेवून लेव्हल घेतली की त्यांत ग्राउट भरायचं.

हे सगळं नकाशात असतं. भांडण होतं ते दिवसांवरून. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. सातव्या दिवशी ती साधारण दोन तृतीयांश आलेली असते. एका मालकाने अब्बांना आठव्या दिवशीच पॉवर प्रेस चढवायला सांगितलं. ऑर्डर थांबली होती. अब्बा म्हणाले, "शेठ, अजून पाणी मारायचे दिवस आहेत." काम दुसऱ्याला गेलं. अब्बांची राहिलेली मजुरी बुडाली. त्या वर्षी ईदला आम्हाला नवे कपडे आले नाहीत. अम्मी चिडली, आणि तिचं चिडणं रास्तच होतं.

काही महिन्यांनी त्या प्रेसवरचा ऑपरेटर जुम्म्याच्या नमाजनंतर अब्बांना भेटला. बोल्ट ढिले होत होते. तो रोज सकाळी पाना घेऊन ते आवळायचा आणि मग त्याच प्रेसमध्ये दिवसभर हात घालून पत्रा सरकवायचा. अब्बांनी विचारलं, "मालकाला सांगितलंस?" तो म्हणाला, "दोनदा."

अमानत म्हटलं की आपल्याला कुणी ठेवायला दिलेला पैसा आठवतो. जमिनीखाली गाडलेलं कामही अमानतच आहे. ते पाहायला कुणी फरशी उखडत नाही, आणि त्याच्या भरवशावर हात घालणारा माणूस ना मालक असतो, ना ठेकेदार.

माझ्याकडे शिकलेली काही मुलं आता अशी कामं घेतात. त्यांना मी इमानदारीवर भाषण देत नाही. कोटेशनमध्ये पाणी मारायचे दिवस वेगळ्या ओळीत लिहा आणि खाली मालकाची सही घ्या, एवढंच सांगतो. अब्बांकडे तो कागद नव्हता.