साखरेचं औषध, चमच्या-चमच्यानं

मैत्रिणींनो, उलट्या होणाऱ्याला पाणी देऊ नये, असं तुमच्याकडेही म्हणतात का? आमच्या मालेगावात ऊन तापलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. पोटात ठरतच नाही तर द्यायचं कशाला, असा त्यामागचा विचार. पण खरा धोका तिथंच आहे.

गेल्या मे महिन्यात माझ्या चार वर्षांच्या भाच्याला रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. ओठ सुकले, डोळे खोल गेले. नणंदबाई रडकुंडीला आल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोटाला जरा विश्रांती दे ग!" मी म्हटलं, "आई, चमचाभरच देते." हे रिक्षा आणायला गेले, तोवर मी उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवलं. पहिला घोट उलटला. दहा मिनिटं थांबले. मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. ते ठरलं! दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हे चालू ठेवलंत, फार बरं केलंत."

साखर इथं नुसती चवीला नसते. साखरेचा हात धरून मीठ आतड्यातून रक्तात शिरतं आणि पाठोपाठ पाणी. मात्र साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, म्हणून माप चुकवू नका. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं असंच पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आणलं. आज औषधाच्या दुकानात जलसंजीवनीची पुडी मिळते. तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं पाहून तीच घरात ठेवावी.

आणि आलेपाक? बस लागली किंवा दिवस गेल्यावर मळमळलं, तर लहानशी वडी चघळावी, बरं वाटतं. पण अंगातलं गेलेलं पाणी तिनं भरून निघत नाही. आमच्या सासूबाईंसारखा मधुमेह असेल तर ती वडीही डॉक्टरांना विचारूनच.

मूल पेंगुळलं, लघवी कमी झाली, उलटीत रक्त किंवा हिरवं पडलं, चमचाभर पाणीही ठरेना, तर घरगुती उपाय करत बसू नका. दवाखाना गाठा, वाटेत मात्र जमेल तसा चमचा चालू ठेवा.