आत्याचा व्यायाम

पुरुषाने साठी ओलांडली की तो पांढरे बूट घालून फिरायला निघतो. बाईने ओलांडली की घरातले सगळे मिळून तिला बाजेवर बसवतात. "लई केलंस, आता आराम कर!" हा आपल्या मातृभक्तीचा कळस. तिच्या हातातले जाते गिरणीने नेले, डोक्यावरची घागर नळाने नेली आणि तोंडचा हिशेब नातवाच्या मोबाइलने नेला. उरले काय? बाज.

मंठ्याच्या आमच्या आत्याला मुला-सुनांनी असाच आराम दिला. वर्षभरात ती एकच गोष्ट दोनदा विचारू लागली. "वय झालं," हे निदान घरातल्या प्रत्येकाने फी न घेता केले. डॉक्टरांनी मात्र फी घेऊन सांगितले, "यांना चालू द्या. आणि डोक्यालाही काम द्या."

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० माणसांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन वर्षे व्यायाम, बुद्धीचे खेळ, नीट आहार आणि रक्तदाबावर लक्ष. उरलेल्यांना नुसता सल्ला. बुद्धीच्या चाचण्यांत पहिले पुढे निघाले. नुसत्या सल्ल्याने फारसे काही होत नाही, हे आमच्या घरात मी केव्हापासून सांगतो आहे!

पण फिनलंड कशाला? ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन बाराखडी गिरवू लागल्या. हे आत्याला ऐकवले. ती म्हणाली, "दप्तर नको बाबा, पाठीत कळ येती. नुसती अक्षरं सांग."

तेव्हापासून रोज सकाळी ती बसस्थानकापर्यंत चालत जाते आणि गाड्यांच्या पाट्या वाचते. 'परतूर' आठवड्यात जमले. 'लोणार'चा ण चार दिवस आडवा आला. 'जिंतूर'च्या डोक्यावरचा टिंब म्हणजे चिखलाचा शिंतोडा, असे तिचे बरेच दिवस मत होते. "आत्याबाई, लोक काय म्हणतील?" सून कुरकुरली. लोक एवढेच म्हणतात, "आजी, ही गाडी कुठली?"

विसरणे यामुळे थांबेलच, असे वचन डॉक्टरांनी दिलेले नाही. आत्यालाही ते ठाऊक आहे. परवा तिने हळूच विचारले, "उद्या तुझं नावच इसरले तर रं?"

मला उत्तर सुचेना. मग तीच म्हणाली, "पाटीवर लिहून गळ्यात घाल. वाचता येतंय मला आता."