देश तसा वेश

१२३४५६७८९८७६५४३२१ हिचे देखणेपण तिचे स्वतःचे, की आपल्या दहा बोटांनी तिला चढवलेले? नऊ एकांच्या ओळीचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग. उलट वाचली तरी तीच. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी या कुळाला डेम्लो म्हटले. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद हे नाव दिले, आणि ही संख्या हर्षदही आहे: बेरीज ८१, भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. पण उलट्या रूपांच्या पटीत बसणाऱ्या ८७१२ आणि ९८०१ या संख्यांबद्दल गणितज्ञ हार्डी यांनी १९४० साली लिहिले की त्या कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यांत काही नाही. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही.

देश तसा वेश, असे आपण म्हणतो. ही म्हण वेश बदलायला सांगते आणि आतला माणूस तोच राहतो हे गृहीत धरते. संख्येच्या बाबतीत ते गृहीत बरोबर वाटते. तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७. दहाऐवजी बाराच्या पायात लिहिले तर त्यांची चिन्हे बदलतील, ते बदलणार नाहीत. अंकांची स्थाने मात्र मांडणीची. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थाननामे लावली तर पहिला १ 'मध्य' स्थानी, २ 'अंत्य' स्थानी, ३ 'जलधी'त. खरोखर मधोमध बसलेल्या ९ च्या वाट्याला 'अर्बुद' येते. ही नावे पूर्वसूरींनी व्यवहारासाठी केली, असे भास्कराचार्यच सांगतात. म्हणजे हार्डींचे म्हणणे खरे, असे वाटू लागते.

तेवढ्यात हातचा आडवा येतो, किंबहुना तो येतच नाही. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना कोणत्याही स्थानाची बेरीज नवाच्या पुढे जात नाही. म्हणून बाराच्या किंवा सोळाच्या पायातही नऊ एकांचा वर्ग याच अंकांनी लिहिला जातो. तिथे संख्या दुसरीच असते, अंक तेच. इथे माणूस बदलला आणि वेश टिकला, म्हण उलटी पडली. मग या आकाराला नुसता वेश कसे म्हणावे? हर्षदपणा मात्र प्रत्येक पायात टिकत नाही: बाराच्या पायात या ओळीला ३ ने भागले की बाकी १ उरते, मग ८१ ने भाग जाण्याचा प्रश्नच नाही. कोणी म्हणेल, टिकते ते बीजगणित, अंक ही त्याची सावली. मान्य, पण कापरेकर सावलीच्याच मागाने तिथवर गेले, आणि दोन्ही गुण त्यांना अंकांतच दिसले. कुठला गुण पाया ओलांडेल हे अंकांकडे नुसते पाहून सांगता येत नाही. नवाच्या पायात तर ही ओळ लिहिताच येत नाही. तिथे ९ हा अंकच नसतो.