कोरेगांवचा स्तंभ

शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांमधील सीमा बऱ्याच अंतरापर्यंत भीमेनेंच आंखली आहे. दौंडाकडून केडगांव, पारगांव असें येऊन नदी ओलांडली कीं न्हावऱ्यावरून शिरूरचा रस्ता लागतो; आम्ही त्याच वाटेनें गेलों. शिरूरास जुने लोक अद्यापि घोडनदी म्हणतात. पेशवाईच्या अखेरीस येथें कंपनी सरकारची छावणी होती. १८०९ सालीं वारलेल्या कर्नल वॉलेसाची येथील कबर ‘सत्पुरुषाची’ मानून आसपासचे शेतकरी तीस नैवेद्य दाखवीत असत. मेलेल्या शिपायास मान देण्याचा हा एक प्रकार झाला. दुसरा पाहावयाचा तर पुण्याच्या रस्त्यानें कोरेगांवास जावें.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन ह्याच छावणींतून पुण्याच्या मदतीस निघाला. बरोबर मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारें ५०० शिपाई, २५० वर स्वार, २४ गोरे गोलंदाज आणि २ तोफा. रात्रभर चालून सकाळीं कोरेगांवीं पोंचतात तों भीमेपलीकडे पेशव्यांची अफाट फौज! तींतून अरब, गोसावी व पायदळ अशा तीन टोळ्या गांवावर चालून आल्या. दिवसभर गल्लीबोळांतून झुंज चालली. शिपायांच्या पोटांत अन्न नाहीं, आणि नदी हांकेच्या अंतरावर असून रात्र पडेपर्यंत पाण्याचा घोट नाहीं. चिशोम मारला जाऊन एक तोफ गेली, ती जबर घायाळ झालेल्या पॅटिन्सन नांवाच्या उंचनिंच लेफ्टनंटानें बंदूक उलटी धरून दस्त्याचे तडाखे देत परत मिळविली. पुढें त्या जखमांनींच तो वारला. रात्रीं पेशव्यांची फौज निघून गेली, आणि ३ जानेवारीस उरलेली पलटण शिरूरास परतली.

ह्या लढाईचा स्तंभ नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दींत आहे. पायाचा दगड १८२१ सालीं बसला. साहेबांचीं नांवें इतिहासांत सांपडतातच. परंतु येथें पडलेल्या ४९ जणांचीं नांवें कोरलीं आहेत, आणि त्यांतील २२ ‘नाक’ ह्या प्रत्ययानें संपतात. तो प्रत्यय महारांच्या नांवांचा. आमच्या वाचकांच्या घरीं पुढच्याच महिन्यांत आष्टीस पडलेल्या बापू गोखल्यांचें नांव आदरानें घेतात, तें घ्यावेंच. पण हीं बावीस नांवेंहि आपल्या मुलांकडून एकदां मोठ्यानें वाचवून घ्यावीं. (पेशव्यांकडून लढतां पडलेल्या अरब-गोसाव्यांसाठीं तर येथें असा एकहि दगड नाहीं.)

सरकारच्या कृतज्ञतेची गोष्ट निराळी. ज्यांच्या पूर्वजांस दगडावर अमर केलें, त्या महारांची भरती त्याच सरकारनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंद केली. वंशजाला पलटणींत उभें राहूं द्यावयाचें नाहीं, मग पूर्वजाचें नांव घासूनपुसून ठेवण्यांत स्वारस्य काय? शिवराम जानबा कांबळे ह्यांनीं १९१० त ह्याविषयीं विलायतेस अर्ज धाडला. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर ह्या स्तंभापाशीं आले, आणि आतां त्या तारखेस येथें लक्षावधि लोक लोटतात. पहिल्या महायुद्धांत महारांची एक पलटण उभारून पुन्हां मोडण्यांत आली. कायमची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ त, बेळगांवास. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.