बिंदूलाही जागा लागते

गावठाणाची ड्रोन-मोजणी असली की आधी गावात चुना पडतो. घरांच्या कोपऱ्यांवर, पडक्या वाड्यांच्या भिंतींलगत, बोळांच्या कडेला पांढऱ्या रेघा ओढल्या जातात, म्हणजे वरून काढलेल्या फोटोत हद्द स्पष्ट दिसावी. ‘चुना मार्किंग’ हा शब्द आता खेडोपाडी रुळला आहे. पुणे जिल्ह्यातल्या अशाच एका गावात, फोटोवरची मापं पडताळण्यासाठी, मी एका जुन्या हद्दीच्या दगडावर जीपीएस रोव्हरचा दांडा टेकवून उभी होते. बबल मध्यावर आणला, वाचन घेतलं. बाजूला उभे असलेले एक आबा म्हणाले, “मॅडम, दगडाचा मध्य धरला का बाहेरची कड?”

“मध्य धरला, आबा.”

“मग अर्धा दगड त्याच्याकडं गेला की.”

दगड वीतभर रुंद होता, २२ सेंटिमीटर. माझं यंत्र दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगत होतं आणि आबांचा प्रश्न ११ सेंटिमीटरचा होता. ती हद्द तीस मीटर लांब. दोन्ही टोकांना ११ सेंटिमीटर सरकलं, तर सव्वातीन चौरस मीटर जागा इकडची तिकडे होते. ३३ फूट गुणिले ३३ फूट हा ज्यांचा गुंठा, आणि गुंठ्यासाठी ज्यांच्या दोन पिढ्या तारखांना जातात, त्यांच्यासाठी ही जागा थोडी नाही. माझ्या वहीत मात्र त्या दगडाची नोंद एक ठिपका एवढीच झाली असती.

गेली सव्वीस वर्षं मी सर्वेक्षण शिकवते आहे. आमचा सगळा धंदाच बिंदूंचा. युक्लिडने बिंदूची व्याख्या केली ती ज्याचे भाग पडत नाहीत अशी, आणि भूमितीत ती चोख चालते. पण जमिनीवर असा बिंदू मला आजवर भेटलेला नाही. दगड भेटतो, खिळा भेटतो, मंदिराच्या कळसाचं टोक भेटतं. आपण त्यांना बिंदू ठरवतो, म्हणजे त्यांचं आकारमान विसरायची मुभा घेतो. विज्ञानात आणि अभियांत्रिकीत ही मुभा पावलोपावली घेतली जाते, आणि ती घेतल्याशिवाय एकही गणित पुढे सरकत नाही. ती कुठवर चालते हे ओळखणं आणि लिहून ठेवणं, हे आमचं खरं काम आहे असं मला वाटतं.

सगळ्यांत धाडसी मुभा न्यूटनने घेतली. ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) त्याने सिद्ध केलं की गोलाचं वस्तुमान केंद्राभोवती सगळीकडे सारखं पसरलेलं असेल, तर बाहेरच्या वस्तूला तो असा ओढतो, की जणू सगळं वस्तुमान केंद्रातल्या एका बिंदूत गोळा झालंय. इतका प्रचंड गोळा, समुद्र-डोंगरांसकट, एका ठिपक्यात. चंद्राची कक्षा काढायला एवढ्यावर बरंच भागतं. पण पृथ्वी पुरती गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांना हा फुगवटा जाणवतो, त्यांच्या कक्षा त्याने हळूहळू वळतात. पृथ्वी म्हणजे बिंदू असं धरून त्यांच्या जागा काढल्या, तर त्या दगडावरचं माझं वाचन हद्दीच्या काय, गावाच्याही कामाचं राहणार नाही.

स्थापत्य अभियांत्रिकीत हीच मर्यादा आकड्यांत मांडता येते. फ्रेंच गणिती बूसिनेस्कने १८८५ मध्ये जमिनीवर एका बिंदूत दिलेल्या भाराने खाली किती ताण येतो याचं सूत्र दिलं. इमारतीच्या पायाखालची माती किती दबेल हे काढताना आमचे विद्यार्थी आजही ते वापरतात. या सूत्रानुसार भाराच्या थेट खाली ताण खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. आता चौरस पाया घ्या. त्याच्या रुंदीच्या तिप्पट खोलीवर, पूर्ण पाया धरून काढलेला ताण आणि तो बिंदू मानून काढलेला ताण यांत चार-पाच टक्क्यांचाच फरक पडतो. दुप्पट खोलीवर तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. आणखी वर याल तसा फरक वाढतच जातो, आणि पायाच्या तळाशी पोचलात की सूत्र ताण अनंत असल्याचं सांगतं. सूत्र चुकलेलं नाही. जिथे पायाला रुंदी आहे हे विसरून चालणार नव्हतं, तिथे ते आपण वापरलं.

पण ज्या बिंदूबद्दल मी वर्गात दरवर्षी एक पूर्ण तास बोलते, तो मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचा कल्याणपूर. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून जे त्रिकोणांचं जाळं सुरू केलं, ते पुढे जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात उत्तरेला हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेलं. कल्याणपूर हा त्या जाळ्याचा मूळ संदर्भबिंदू. तिथून जवळपास ६०० किलोमीटर उत्तरेला, मुझफ्फरनगरजवळ, कलियाना. या दोन बिंदूंमधलं अक्षांशांचं अंतर दोन वाटांनी काढलं गेलं, एकदा त्रिकोणांची साखळी जोडत आणि एकदा ताऱ्यांचे वेध घेत. दोन्ही उत्तरांत सव्वापाच सेकंदांचा फरक आला. कोनातला हा फरक जमिनीवर १६० मीटर होतो. इतक्या काळजीने केलेल्या मोजणीत एवढी चूक कुणाच्या पचनी पडेना.

वेध घेताना यंत्र ओळंब्याला धरून लावतात, आणि ओळंबा पृथ्वीच्या लंबगोल पृष्ठभागाला काटकोनात असतो असं गृहीत धरतात. हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा आपल्याकडे ओढला असणार, हे जॉन प्रॅट या कलकत्त्याच्या आर्चडीकनने ओळखलं. मग त्याने पर्वताचं वस्तुमान अंदाजून गणित केलं, तर फरक सव्वापाच नव्हे, जवळजवळ सोळा सेकंद यायला हवा होता. हिमालय दिसतो तितका ओढत नव्हता. १८५५ साली प्रॅट आणि पाठोपाठ इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांचे निबंध आले. डोंगराखाली हलक्या खडकाची खोल मुळं असली पाहिजेत, असं एअरींचं म्हणणं. पाण्यावरचा बर्फ जसा बुडालेल्या भागावर तरंगतो, तसे पर्वत. भूकवच समतोलात तरंगतं या आजच्या समजुतीची सुरुवात या दोन निबंधांतून झाली. दोन बिंदूंमधला सव्वापाच सेकंदांचा फरक कुणी ‘निरीक्षणातली चूक’ म्हणून वाटून टाकला असता, तर एवढा मोठा धागा हातातून निसटला असता. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी चूक खोडलेली मला चालत नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, आणि आकडा वाचता आला पाहिजे.

आता ओळंब्याची जागा अँटेनाने घेतली आहे, पण प्रश्न तोच आहे. जीपीएसचा अँटेना नेमका कुठल्या बिंदूत संदेश घेतो? त्याला फेज सेंटर म्हणतात, पण तिथे हात लावावा असा स्क्रू नसतो. संदेश कुठल्या दिशेने आणि कुठल्या वारंवारतेवर आला, यानुसार तो बिंदू काही मिलिमीटर सरकतो. लायडारचंही तसंच. विमानातून लेसरचे झटके सोडून घाटातल्या जंगलाचं मोजमाप होतं, आणि हाती येतं ते कोट्यवधी बिंदूंचं ‘पॉइंट क्लाउड’. हजार मीटर उंचीवरून सोडलेला झटका अर्ध्या मिलिरेडियनने पसरत असेल, तर जमिनीवर त्याचा डाग अर्ध्या मीटरचा होतो. त्या डागात अंजनीची दोन पानं, एक फांदी आणि खाली थोडी माती असं सगळं येतं. एकाच झटक्याचे तीन-चार परतावे येतात. त्यांतला जमिनीचा कोणता, हे ठरवून त्याला वर्ग २ हा क्रमांक द्यायचा, मग नकाशावर उतार उमटतो. दरड कुठे कोसळू शकते याचा अभ्यास त्या उतारावर उभा राहतो. पावसाळ्यानंतर रान दाट असताना जमिनीपर्यंत पोचणारे परतावे फार थोडे असतात. अशा वेळी नकाशा तितकाच गुळगुळीत दिसतो, पण त्याखालचा आधार विरळ असतो.

बिंदूला शून्यही लागतं. भारतात उंची मोजायचं शून्य १९०९ मध्ये नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींतून ठरलं. त्यांत मुंबईचं अपोलो बंदर होतं. मुंबईतच महापालिकेच्या गटारांच्या नकाशांवर वेगळं शून्य असतं, टाउन हॉल डेटम. एकाच शहरात उंची सांगताना ‘कुठल्या शून्यापासून?’ हे आधी विचारावं लागतं. एकदा मी स्वतः दोन नकाशे एकावर एक ठेवले. एक जुन्या एव्हरेस्ट लंबगोलावरचा, दुसरा जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ वरचा. गावची विहीर शंभरेक मीटर सरकून टेकडीवर गेली. कोपऱ्यातली बारीक अक्षरातली ओळ मी वाचली नव्हती.

शून्याबरोबर तारीखही हवी. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. जागतिक चौकटीत एखाद्या दगडाचे अक्षांश-रेखांश आज मोजले आणि वीस वर्षांनी पुन्हा मोजले, तर तो मीटरभर पुढे गेलेला असेल. दगड जागचा हललेला नसतो, गावासकट सगळंच चाललेलं असतं.

आबांनी विचारलं त्या दिवशी आम्ही काम थांबवलं. शेजाऱ्यांना बोलावलं. दोघांनी मिळून हद्द दगडाच्या मध्यातून जाते असं मान्य केलं, आणि मी शेऱ्यात लिहिलं: हद्दीचा दगड, माथ्याचा मध्य, दोन्ही बाजूंना मान्य. खाली डेटम, तारीख, अचूकता. आबांनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून झाल्यावर दगडाकडे बघत म्हणाले, “दगड पूर्वेला कललाय जरा. तेबी लिवा.”

मी खाली बसले, ओळंबा धरला. माथा बुडापासून चार सेंटिमीटर पूर्वेला होता. लिहिलं.