काटा किती दाखवतो?

चंद्रपूर म्हटलं की आपलं पॅकेज ठरलेलं असतं. शुक्रवारी रात्रीची ट्रेन, दोन सफारी, नशिबात असेल तर एक वाघ, शंभरेक फोटो आणि सोमवारी ऑफिस. ताडोबा आहेच तसं! पण पुढच्या वेळी एक दिवस जास्त काढा आणि गाडी दक्षिणेला वळवा. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, मग वैनगंगेवरचा पूल. पलीकडे आष्टी, म्हणजे गडचिरोली जिल्हा. तिथून आलापल्लीचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये गेलेलं सागवान याच आलापल्लीकडचं. पुढे सिरोंच्याच्या वाटेवर ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ आहे. २०१४ मध्ये हे राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. वर बघताना टोपी पडावी, इतकी उंच झाडं!

मी गेले होते त्या झाडांसाठी. लक्षात राहिले ते ट्रक.

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. ते ट्रकमधून एटापल्ली, आलापल्ली, आष्टी असा प्रवास करत चंद्रपूरच्या पुढे घुग्गुसच्या कारखान्यापर्यंत जातं. दीडशेहून जास्त किलोमीटर. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी इथे एका दिवसात सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या आणि काम थांबलं. २०२१ मध्ये खाण पुन्हा जोरात सुरू झाली आणि एसटी, बाइक, सायकलवरच्या शाळकरी मुली अशा सगळ्यांच्या वाट्याचा हा रस्ता ट्रकांनी भरून गेला. पावसाळ्यात त्याची चाळण झाली, अपघात झाले, लोकांनी रस्ता अडवला. आणि या सगळ्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला... या गाड्यांत माल आहे तरी किती?

आष्टीला चहाच्या टपरीवर एक ड्रायव्हरकाका भेटले. पन्नाशीचे, मूलकडचे. समोर त्यांचा टिपर उभा होता. इकडे टिपरला सरसकट ‘हायवा’च म्हणतात. फाळक्यावरून डोकावलं तर माल जेमतेम अर्ध्यापर्यंत.

“काका, गाडी तर अर्धीच भरलीय?”

“अर्धी तुम्हाले दिसते बेटा. काटा अर्धी नाही दाखवत,” काका हसले. “लोखंड आहे ते. कोळसा थोडीच आहे!”

ही गंमत आपल्यासारख्यांना कळत नाही. लोहखनिज कोळशाच्या साधारण तिप्पट जड. तोच ट्रक कोळशाने काठोकाठ भरला तरी नियमात बसू शकतो आणि खनिजाने अर्धा भरला तरी ओव्हरलोड होऊ शकतो. नुसत्या नजरेने काही ठरत नाही. ठरवतो तो काटा, म्हणजे वजनकाटा. गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरून तोलायची, वजाबाकी म्हणजे माल. भरताना लोडरचं एक बकेट जास्त पडलं, वरून पाऊस झाला आणि माल भिजला, तर काट्यावरचा आकडा वर जातो. केबिनमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं. त्याच्या हातात असतं फक्त स्टिअरिंग.

आता जरा हिशेब करू. दहा चाकांच्या, म्हणजे तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची कमाल मर्यादा मालासकट २५ टन होती. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ती २८.५ टन केली. समजा काट्याने साडेबत्तीस दाखवले. चार टन जास्त! २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आहे आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. म्हणजे २८ हजार. दुरुस्तीआधीच्या दराने हेच ६ हजारांत भागलं असतं. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. आणि वजन करायलाच नकार दिला तर ४० हजार!

“मग चलान कोण भरतं, काका?”

“मालक भरते. मंग कधी पगारातून कापते, कधी नाही कापत. त्याचा मूड पाहून.” काकांनी बशीतला चहा संपवला. “कमी माल घेऊन निघालो तर ट्रिप परवडत नाही म्हणते. जास्त घेतला तर पाहून चालव म्हणते. काय पाहू?”

परत आल्यावर मी कायदा उघडून बसले आणि चकित झाले. कलम १९४ मध्ये फक्त चालवणारा नाही, तर चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. कलम ११३ तर आणखी पुढे जातं. जादा वजनाची गाडी चालवणारा स्वतः मालक नसेल, तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच झालं, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. कायद्याला पगारातून कापणारा मालक बरोबर दिसतो. पण रस्त्यावर गाडी अडवली जाते तेव्हा समोर फक्त ड्रायव्हर असतो.

दंड भरला म्हणजे सुटलो, असंही नाही. काही राज्यांनी आधीच पैसे घेऊन ओव्हरलोड गाड्यांना सूट देणारी कार्डं काढली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही पद्धत बेकायदा ठरवली. कारण सोपं आहे, दंडाच्या पावतीने रस्ता भरून निघत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून इंजिनिअरांना एक अंदाज मिळाला. अ‍ॅक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे वजन २० टक्के जास्त, तर झीज जवळपास दुप्पट. आलापल्लीच्या रस्त्यावरचे खड्डे मोजायला गणित लागत नाही म्हणा, कंबरच सांगते!

बदल होतोय. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. खनिजाची भुकटी पाण्यात मिसळून नळातून कारखान्यापर्यंत जाते. तितके ट्रक कमी. पण ढेकळातलं खनिज आणि चंद्रपूरचा कोळसा नळातून जात नाही, त्यांना चाकंच लागतात. तोवर खाणीच्या गेटवरच काटा चोख ठेवला आणि चलान मालकाच्या दारी पोचवलं, तर निम्मं काम होईल.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. पावसाळा टाळा, अंधाराआधी आलापल्ली गाठा, पेट्रोल चंद्रपूरलाच भरा. आणि घाटावळणावर पुढचा हायवा मुंगीच्या पावलांनी चालला असेल, तर हॉर्नवरचा हात काढा. मागे किती टन आहेत, हे तुमच्याइतकंच कदाचित त्यालाही माहीत नसेल. पुढच्या काट्यावर गेला की कळेल.